दिवेलागणीपर्यंत

निहार दुसऱ्या कुणाच्या हातून गिळत नसे. गुरगुट्या भाताचा घास आजीनं, कुमुदताईंनी, त्याच्या जिभेच्या मध्यावर ठेवायचा, हनुवटीखालून दोन बोटं हळूच पुढे ओढायची आणि "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत थांबायचं. मग कुठे त्याचा गळा हलायचा आणि गळ्यावर चिकटवलेली टिकली हिरवी व्हायची. घास श्वासाच्या वाटेला लागला तर तीच टिकली लाल होऊन किरकिरायची. असल्या टिकल्या आता औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळत. पहिली टिकली घरात आली त्या दिवशी कुमुदताईंनी तिला हळदकुंकू वाहिलं होतं.

निहार सात वर्षांचा होता. पट्ट्यांच्या खुर्चीत बसवला तरी त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. मुठी वळलेल्या, अंगठे आत. डोकं वयाच्या मानानं लहान राहिलेलं. डोळे टपोरे, थेट आईचे, शाल्मलीचे, पण समोर कुणीही आलं तरी ते त्याच्यावर ठरत नसत. फिट यायची झाली की ओठाचा डावा कोपरा आधी थरथरायचा, आणि घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून त्या कोपऱ्याकडे बघत राहायची. एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट त्याची स्वतःची होती. आजीचा आवाज आला की मान त्या बाजूला वळवून तो हसायचा.

त्या शनिवारी निहारचा बाबा कौस्तुभ पुण्याहून आला तो चपला न काढताच आत आला. गाडी आपली आपण कराडपर्यंत चालत यायची, त्यामुळे तो वाटभर वाचत आला होता.

"आई, मिळालं! नंबर लागला आपला."

"आधी हातपाय धुवा, कौस्तुभराव," कुमुदताई म्हणाल्या. "कसला नंबर?"

"तंतुसेतूचा. मेंदूतले तुटलेले तंतू जोडतात ना, तो उपचार. मुलांवर सुरू झालाय आता. तळेगावची एक मुलगी चालायला लागलीय, आई. चालायला! फक्त आधी ते घड्याळ करावं लागतं."

"घड्याळ?" स्वयंपाकघराच्या दारातून शाल्मलीनं विचारलं. तिच्या हातात पोळीचं लाटणं होतं.

"क्षतकालमापक म्हणतात. डोक्याभोवती टोपीसारखं यंत्र. मेंदूला इजा कधी झाली, कशानं झाली, कुठल्या क्रमानं झाली, सगळं सांगतं. सात वर्षांपूर्वीचंसुद्धा." कौस्तुभ निहारच्या खुर्चीशी उकिडवा बसला. "म्हणजे त्या मालीशवाल्या तानूबाईनं अंघोळीच्या वेळी काय केलं, तेही निघेल एकदाचं. नुसती पुराव्याअभावी सुटली ती."

लाटणं शाल्मलीच्या हातात होतं तसंच राहिलं. "नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"नको त्याचे हाल. किती यंत्रांतून काढायचं त्याला? आहे तसा राहू दे माझा बाळ."

"शमे, वेडी आहेस का तू?"

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. ती सोडवायला कुणीच उठलं नाही. कुमुदताईंची दोन बोटं निहारच्या हनुवटीखाली तशीच थांबली होती. टिकली लाल झाली, किरकिरली.

*

तो सोमवार होता, सात वर्षांपूर्वीच्या श्रावणातला.

लग्नाला सहा वर्षं होऊनही शाल्मलीला दिवस राहत नव्हते, तेव्हा कुमुदताईंनी देवापुढे पदर पसरला होता. लेकीची कूस उजवू दे, बाळ सुखरूप घरात खेळू दे, चातुर्मासातले सगळे सोमवार मी मौन पाळीन. सकाळच्या स्नानापासून दिवेलागणीपर्यंत ओठातून अक्षर काढणार नाही. देवानं ऐकलं. बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, कराडलाच झालं. निहारला दोन महिने पुरे होऊन गेले होते.

पण पोर रडवं निघालं. संध्याकाळी सुरू करायचं ते पहाटेपर्यंत. डॉक्टर म्हणायचे, पोटशूळ आहे, तीन महिन्यांत थांबेल. शाल्मलीच्या डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखं झालं होतं. जेवताना तिला पानावरच डुलकी लागायची.

त्या दिवशी तानूबाई तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी देऊन गेल्या होत्या. त्यांची रीत जुनी होती. बाळाला पायांना धरून क्षणभर उलटं करायच्या, "अंग मोकळं हुतं" म्हणायच्या. कुमुदताईंना ते आवडायचं नाही, पण बाळाला त्यानं कधी काही झालं नव्हतं. त्या दिवशीही न्हाऊन झाल्यावर ते पोटभर दूध प्यालं आणि घटकाभरानं पुन्हा रडायला लागलं.

कुमुदताई देवघरात शंकराच्या पिंडीला बेल वाहत होत्या. रडणं वाढलं, मग तुटक झालं, म्हणून त्यांनी मागे पाहिलं. दाराच्या चौकटीतून पलंग सरळ दिसत होता. शाल्मली बाळाला दोन्ही बगलांखाली धरून उभी होती आणि त्याला हलवत होती. झोके देतात तसं नाही. फांदी हलवून बोरं पाडतात तसं. तिच्या तोंडून "गप, गप, गप" एवढंच निघत होतं आणि बाळाची मान मागे-पुढे, मागे-पुढे.

कुमुदताई बेलाचं पान हातात घेऊनच धावल्या. त्यांनी बाळ ओढून घेतलं. शाल्मली त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग भिंतीशी घसरत खाली बसली.

बाळ गप्प झालं होतं.

दोघींना केवढं हायसं वाटलं! झोपलं, असंच वाटलं. शाल्मली तिथेच जमिनीवर आडवी झाली आणि तिलाही झोप लागली. कुमुदताई मांडीवर बाळ घेऊन जप करत बसल्या. दिवे लागले की हिला चांगली समज द्यायची, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. नैवेद्याच्या वेळी बाळाचे ओठ फिके वाटले. दुपारी त्यानं दूध ओकलं, मग पुन्हा तोंडात घेईना. पाय एकदा ताठ झाले आणि सुटले. ऊन उतरायच्या आत त्या आणि शाल्मली रिक्षानं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर तरुण होते, बाहेर गर्दी होती. "ओकतंय? सर्दी-बिर्दी?" शाल्मली म्हणाली, "ओकलंय एकदा. सर्दी नाही, नुसतंच सुस्त आहे." डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. मग कुमुदताईंकडे बघून सहज विचारलं, "आजी, पडलं-बिडलं नाही ना कुठं?"

कुमुदताईंनी नकारार्थी मान हलवली. ते खरं होतं. बाळ पडलं नव्हतं.

"आजींचं मौन असतं सोमवारी," शाल्मली खाली बघत म्हणाली.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले आणि ओकारीचे थेंब लिहून दिले.

दिवेलागण झाली. समई लावून कुमुदताईंनी हात जोडले, मौन सुटलं. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "शमे, दूध घेतलं का गं त्यानं?"

त्यानंतर जे झालं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. फिट, मोठं इस्पितळ, कवटी उघडून काढलेलं रक्त, काचेच्या पेटीतले आठवडे. तिथले डॉक्टर म्हणाले, बाहेर एक ओरखडा नाही, आत रक्तस्राव आणि डोळ्यांच्या पडद्यावरही रक्त. असं जोरानं हलवल्यानं होतं. कौस्तुभ ताडकन म्हणाला, "ती मालीशवाली! उलटं टांगते ती बाळाला!" शाल्मली रडत होती. कुमुदताई गप्प होत्या, आणि तो वार गुरुवार होता.

*

"तू पाहिलं होतंस," शाल्मली म्हणाली.

गच्चीवर दोघी निहारच्या चादरी वाळत घालत होत्या. सात वर्षांत या गोष्टीवरचं हे पहिलं वाक्य होतं.

"पाहिलं होतं," कुमुदताई म्हणाल्या.

"मग आत्ताही तू काही बोलू नकोस. ते यंत्र झालं की कौस्तुभ मला टाकून देईल. निहारला घेऊन जाईल. मी काय करू मग, आई? मी त्याच्यासाठीच जगतेय गं. नोकरी सोडली. दुसरं मूल नको म्हटलं. आणखी किती करू?"

"आणि तो चालायला लागणार असेल तर?"

शाल्मलीनं चादरीचं टोक तोंडात कोंबलं.

कुमुदताईंनी ते हळूच काढून घेतलं. त्या सोमवारपासून त्यांचे नेम वाढतच गेले होते. आधी गोड सोडलं, मग गादी सोडली, मग वाती वळायला घेतल्या, मग प्रदक्षिणा धरल्या. शेजारणी म्हणायच्या, कुमुदताईंसारखी श्रद्धा हवी. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

"शमे, ऐक. मी सांगेन, मी हलवलं म्हणून."

"आई!"

"माझं काय राहिलंय आता? मला कुठं पाठवायचं तिथं पाठवू देत. घरात तुम्ही दोघं असलात म्हणजे झालं. पोराला मात्र घेऊन जायचं."

शाल्मलीनं नको म्हटलं नाही, हे कुमुदताईंच्या लक्षात आलं. त्यांनी चादरीला चिमटा लावला.

*

पुण्याच्या त्या केंद्रात डॉ. रेणुका सबनीस म्हणून बाई होत्या. बोलायला मोकळ्या, केस आखूड, टेबलावर पेरूच्या फोडींचा डबा. "घ्या आजी, मीठ-तिखट लावलेलं नाहीये," म्हणून त्यांनी आधी डबाच पुढे केला. कुमुदताईंनी हात जोडले, "उपास आहे," म्हणाल्या.

"कशाचा?"

"असाच."

डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं. तान्ह्या बाळाचा मेंदू, त्या म्हणाल्या, अर्धवट लागलेल्या दह्यासारखा असतो. डोकं अंगाच्या मानानं जड, मानेत जोर नाही. कुणी जोरानं हलवलं की कवटी एकीकडे जाते आणि आतला मेंदू मागे राहतो, मग तोच उलट येतो. मेंदूवरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात. डोळ्याच्या आतले पडदे ओढले जातात. लांब लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. ही झाली पहिली इजा, आणि ती दोन-चार श्वासांत होऊन जाते.

"पण खरी गोष्ट पुढेच असते," डॉक्टर म्हणाल्या. "मानेपाशी श्वास सांभाळणारं केंद्र असतं, त्याला धक्का बसलेला असतो. बाळ गप्प होतं, कारण ते नीट श्वास घेत नसतं. लोकांना वाटतं, झोपलं. मेंदू सुजायला लागतो. सुजला की रक्त पोचत नाही, रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही. एकेक भाग उपाशी मरत जातो. ही दुसरी इजा. ती काही तास चालते."

कुमुदताईंचा जप थांबला.

"पूर्वी या दोन इजा वेगळ्या काढता येत नव्हत्या. सगळा एकच व्रण दिसायचा. आमचं घड्याळ त्या वेगळ्या करतं. सांडलेल्या रक्तातलं लोखंड मेंदूतल्या पेशी हळूहळू साठवतात, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचं रूप बदलतं. व्रणाची वीणही तशीच, आधीची खाली, नंतरची वर. त्या लोखंडाचं चुंबकत्व फार क्षीण असतं, पण आता ते वाचता येतं. त्यावरून कुठला भाग आधी गेला, कुठला नंतर, आणि मध्ये किती वेळ गेला, हे कळतं."

"आणि उपचार?" कौस्तुभनं विचारलं.

"तंतू तुटला असेल आणि दोन्ही टोकांच्या पेशी जिवंत असतील, तर आम्ही मधे सेतू घालतो. तार तुटली तर जोडता येते. पण दोन्हीकडची घरंच जळून गेली असतील, तर ती तार कुठून कुठं न्यायची? म्हणून आधी नकाशा." डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या. "घड्याळ मधलं अंतर सांगतं, पण त्याचे काटे लावायला आम्हाला त्या दिवसाची माहिती लागते. बाळ शेवटचं नीट दूध कधी प्यालं? गप्प कधी झालं? ओकलं कधी? कोण होतं त्याच्याजवळ?"

"मी," कुमुदताई म्हणाल्या. "मी होते. आणि डॉक्टर, मीच हलवलं त्याला."

कौस्तुभ खुर्चीतून अर्धा उठला. "आई? तुम्ही?"

"मी."

"तुम्ही मुंगीवर पाय पडला तर उपास करता! आणि त्या तानूबाईला मी पोलिसांत..." त्यानं शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मली निहारच्या मोज्याची गाठ सोडत होती. मोज्याला गाठ नव्हतीच.

"कुणी केलं ते मी विचारलंच नव्हतं, आजी," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "आता सांगितलंत, तर मला ते बालकल्याण समितीला कळवावं लागेल. पण आधी वेळा सांगा. आणि वेळा खऱ्या सांगा, नाहीतर नकाशा चुकेल आणि नुकसान याचं होईल."

कुमुदताईंनी वेळा सांगितल्या. त्यांचा दिवस देवाच्या वेळांनी बांधलेला होता, त्यामुळे एकही निसटली नव्हती. अभिषेक झाला होता आणि बेल वाहायचा होता, तेव्हा बाळ गप्प झालं. नैवेद्य दाखवताना ओठ फिके. शिवलीलेचा अध्याय संपता संपता ओकलं. मग पाय ताठ झाले. ऊन उतरायच्या आत दवाखाना. दिवेलागण. मग फिट. डॉक्टर एकेक वेळ बोलून यंत्रात घालत होत्या.

"दवाखान्यात काय सांगितलंत?"

"ओकतंय म्हणून."

"आणि हलवल्याचं?"

"माझं मौन होतं," कुमुदताई म्हणाल्या.

*

निहारच्या डोक्यावर टोपी चढवली तेव्हा तो घाबरून ताठ झाला. आजीनं बाहेरून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणायला सुरुवात केली तसा तो सैल पडला, हसला. यंत्र गुणगुणत राहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भिंतीवर नकाशा उमटवला. त्यांच्या टेबलावर आज पेरू नव्हते.

"निळं आहे ते तुटलेलं," त्या म्हणाल्या. "तपकिरी आहे ते उपाशी मेलेलं."

निळ्या रेघा थोड्याच होत्या. मागच्या बाजूला, डोळ्यांकडून येणाऱ्या वाटेवर, कपाळामागे दोन-चार. बाकी सगळं तपकिरी होतं. काठापासून आतपर्यंत, पावसाचं पाणी मुरलेल्या भिंतीसारखं.

"आम्हाला फार करता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जोडण्यासारखं आहे तेवढं जोडलं, तरी त्याला जाऊन मिळायला पलीकडे काही उरलेलं नाही. अशा मुलांवर सेतू घालत नाहीत. उलट फिट वाढतात."

"म्हणजे नाहीच?" कौस्तुभ म्हणाला.

"नाही."

"तळेगावच्या मुलीचं..."

"तिचं सगळं निळं होतं. तिला तासाभरात आणलं होतं."

कौस्तुभ निहारच्या खुर्चीच्या दांडीला धरून उभा राहिला. मग त्याच्या मनात सात वर्षं अडकलेलं बाहेर आलं. "हलवलं नसतं तर?"

"हलवलं नसतं तर काहीच झालं नसतं. पण हलवणं एवढं," डॉक्टरांनी निळ्या रेघांवर बोट ठेवलं, "आणि हे सगळं नंतरचं. ओठ फिके झाले तेव्हा फक्त हा कोपरा गेला होता. दवाखान्यात नेलंत तेव्हासुद्धा एवढंच." त्यांनी हाताच्या तळव्यानं नकाशाचा थोडासा भाग झाकला. "त्याच वेळी कळलं असतं, तर मोठ्या इस्पितळात पाठवून रक्त काढलं असतं, श्वासाला आधार दिला असता. दिवेलागणीपर्यंतच्या वेळात पुष्कळ गेलं. राहिलेलं त्यानंतर."

"आणि कळलं असतं तर," कुमुदताईंनी विचारलं, "कसा असता तो?"

"नक्की कुणी सांगू शकत नाही, आजी. जाड भिंगाचा चष्मा लागला असता बहुतेक. शाळेत थोडा मागे राहिला असता. चिडका असता कदाचित."

जाड भिंगाचा चष्मा. कुमुदताईंच्या डोळ्यांपुढे तो मुलगा उभा राहिला; नाकावरून चष्मा घसरलेला, पाढे चुकणारा, दप्तर फेकून "आजी, खायला दे" म्हणून ओरडणारा. तो इतका लख्ख दिसला की त्यांनी हात पुढे केला.

"आई खोटं बोलतेय," शाल्मली म्हणाली.

सगळे वळले. तिचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता.

"मी हलवलं होतं त्याला. चार रात्री झोपले नव्हते मी. मी हलवलं. आई फक्त गप्प बसली." ती नकाशाकडे बघत होती, निळ्याकडून तपकिरीकडे, पुन्हा निळ्याकडे. मग आईकडे. "तू का गप्प बसलीस गं? मी तर वेडी झाले होते. तू शुद्धीवर होतीस ना?"

मौन होतं, असं कुमुदताईंच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. कारण त्यांना व्रतं शिकवणाऱ्या त्यांच्या आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घरात कुणाचा जीव वरखाली होत असेल तर नेम बाजूला ठेवायचा, देव वाट बघतो. ते त्यांना त्या सोमवारी आठवलं होतं. दवाखान्याच्या बाकावर, बाळ मांडीवर असताना आठवलं होतं. बोलल्यानं व्रत मोडेल आणि बाळाचं वाईट होईल, ही भीती खरी होती. पण तिच्याखाली दुसरी होती. बोललं तर लेकीचं काय होईल? मौन त्या दिवशी फार सोयीचं झालं होतं.

"तुझ्यासाठी," त्या एवढंच म्हणाल्या.

शाल्मली हसली की रडली, ते कळलं नाही.

*

समितीचा निर्णय यायला फार दिवस लागले नाहीत. शाल्मलीनं निहारच्या घरात राहायचं नाही, आणि भेटायचं ते नर्स समोर असतानाच. कौस्तुभनं मुलाला पुण्याला नेऊन पाहिलं. निहारनं घास तोंडात धरून ठेवले, टिकली सारखी लाल होत राहिली, आठवड्यात छातीत कफ भरला. मग तो परत कराडला आला, आजीच्या हातापाशी. कुमुदताईंनी गप्प राहून जे केलं होतं त्याला कायद्यात ठळक नाव नव्हतं. दिवसा नर्स यायची. कौस्तुभ शनिवारी यायचा, मुलाजवळ बसायचा आणि कुमुदताईंशी एक शब्द न बोलता जायचा. शाल्मली साताऱ्याला कुठल्याशा वसतिगृहात राहत होती. आईचा फोन ती घेत नसे.

कुमुदताई तानूबाईंकडे गेल्या. त्या नदीपलीकडे लेकाच्या खोलीत होत्या. आता कुणाच्या बाळाला हात लावत नव्हत्या.

"या की वैनी," तानूबाईंनी सतरंजी झटकली. "आज काय, वाट चुकलासा?"

कुमुदताईंनी सगळं सांगितलं. तानूबाई ऐकत होत्या, हातानं लसूण सोलत होत्या.

"म्हंजे म्या न्हवतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"तुम्ही नव्हता."

"मला वाटायचं, असंल बी. मी उलटं धरायची की वो. सात वर्सं मला सपनात त्येचीच मान दिसायची." त्यांनी सोललेली पाकळी ताटात टाकली. "माझ्या सुनंचं बाळंतपण झालं. नातवाला हात लावू देईना ती मला. म्हनली, न्हाई, तुमचा हात नगं. म्या म्हनलं, खरंय तुझं. आता तो पोरगा साळंत जातुय. आता कुठं न्हाऊ घालू त्येला, वैनी?"

कुमुदताई त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या, तर तानूबाईंनी पाय मागे घेतले.

"नगं. तुमी देवाच्या बाई. मला पाप लागंल," त्या म्हणाल्या, आणि त्यात कुठेही टोमणा नव्हता. तेच कुमुदताईंना सहन झालं नाही.

घरी येऊन त्यांनी एकेक नेम सोडला. गोड सोडलं होतं ते नर्सनं दिलेल्या पेढ्यानं मोडलं. पेढ्याची चव लागली नाही. गादीवर निजल्या. झोप आली नाही. देवावर त्यांचा राग नव्हता. देवानं त्या दिवशी दोनदा वाट करून दिली होती. एकदा दवाखान्यात, एकदा समईपाशी. देवाला काय म्हणायचं?

एकच नेम त्यांनी नव्यानं धरला.

तिन्हीसांजेला नर्स गेली की त्या निहारची खुर्ची देवघराच्या दाराशी आणतात. समईत तेल घालतात, वात पुढे सारतात, काडी ओढतात. ज्योत धरली की त्या मुलाकडे तोंड करून स्पष्ट, मोठ्या आवाजात बोलतात:

"डॉक्टर, बाळ पडलेलं नाही. त्याला जोरानं हलवलंय. दुपारपासून ते दूध घेत नाही. लवकर बघा त्याला."

एवढंच. हातातली काडी बोटापर्यंत जळत यायच्या आत ते बोलून संपतं.

आजीचा आवाज आला म्हणून निहार मान वळवतो. आणि हसतो.